आधी शिट्टी

प्रिय गारगोटी,

अक्षर बघून दचकली असशील. दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा सोडला तर सगळं जागच्या जागी आहे, आणि गुडघाही आहे जागेवर, फक्त तो आता माझं ऐकत नाही. माझी पत्रं नेहमी तुझी आई लिहिते, पण आज तिचा चष्मा सापडत नाही. सकाळपासून घर पालथं घातलं बिचारीने. तेव्हा घरात जो रिकामा बसलेला दिसला, त्याला धरून टेबलाशी बसवलंय. तो कोण हे तुला पहिल्याच ओळीला कळलं असेल, तर तुझ्यापाशीच ठेव. मी त्याला एवढंच बजावलंय, की मी सांगेन ते जसंच्या तसं कागदावर उतरलं पाहिजे. स्वतःची अक्कल घालायची नाही, मला बरं वाटावं म्हणून गोड करायचं नाही, आणि म्हातारीला वाचता येत नाही म्हणून गाळायचं तर मुळीच नाही. पान भरलं की वाचून दाखवायचं. मान डोलावलीय त्याने. मान डोलावण्यात तो पहिल्यापासून हुशार.

तुझं आमंत्रण पोचलं. जाड, गुळगुळीत कागद, आणि त्यावर आपल्या दगडखाणीच्या मागच्या भिंतीचा फोटो. फोटोला अक्षरं लागत नाहीत, म्हणून तो मी सगळ्यांच्या आधी वाचला. मग तुझ्या आईने मजकूर वाचला. खाण आता खाण राहिली नाही, ते म्हणे भूवारसा स्थळ झालं. हा शब्द तोंडात बसायला माझी एक सकाळ गेली, पण बसला, आणि आता मी तो जाता-येता वापरते. शेजारीण विचारत होती, वारसा म्हणजे कोणाकोणाच्या वाट्याला किती येणार? म्हटलं, आहे सगळ्यांचा, आणि घरी न्यायचा कोणीच नाही. तिचा चेहरा पडला. बरोबर सांगितलं ना मी?

त्याच पाकिटात तू तुझ्या बापासाठी वेगळी चिठ्ठी घातली होतीस. तीही तुझ्या आईने मोठ्याने वाचली, कारण तो वाचायला हात पुढे करेना. उद्घाटनाला फीत नको, कात्री नको, असं तू लिहिलंस. खाणीत सुरुंग उडायच्या आधी जशा तीन शिट्ट्या वाजायच्या, तशाच तीन शिट्ट्या बाबांनी वाजवाव्यात, माणसांनी क्षणभर गप्प उभं राहावं, आणि मग फाटक उघडावं. ऐकून घेतलं त्याने. चिठ्ठी उचलली, घड्याळाखाली सरकवली, आणि मागच्या दारचा नळ दुरुस्त करायला गेला. नळ गळत नव्हता. तेव्हापासून हो नाही की नाही नाही. तू रविवारी फोन करतेस, माझ्या गुडघ्याची चौकशी करतेस, नळाची करतेस, हवापाण्याची करतेस, आणि जे विचारायचं असतं ते सोडून फोन ठेवतेस. मला काय कळत नाही होय? बाबा येणार की नाही, एवढंच हवंय ना तुला?

सांगते. पण आधी माझ्या पद्धतीने. घाई असेल त्याने तार करावी.

तू चालायला लागलीस तेव्हापासून तुझ्या फ्रॉकचे खिसे मी शिवतेय. दगड, दगड आणि दगड. पांढरी चकचकीत गारगोटी सापडली की तू झोपतानाही मुठीतून सोडायची नाहीस, म्हणून तर हे नाव पडलं. तुझा बाप त्यात तेल ओतायचा. खाणीतून येताना जेवणाचा डबा रिकामा कशाला आणायचा म्हणून त्यात तुझ्यासाठी दगड भरून आणायचा, आणि तुझी आई डबा घासताना दोघांच्या नावाने ओरडायची. त्याचं काम सुरुंगाचं. भोकं पाडायची, दारू ठासायची, लाल निशाणं रोवायची, तीन शिट्ट्या मारायच्या आणि मग उडवायचं. त्याची ती पत्र्याची शिट्टी, आत बारकासा मणी, चालताना खिशात खुळखुळायची. दिवेलागणीला तो मणी वाजला की मी ओळखायची, आला माझा मुलगा, धडधाकट आला. सुरुंगवाल्याची आई रोज संध्याकाळी दुसरं काय ऐकत असते?

आणि तुझं ते जमिनीला कान लावणं! दुपारी सुरुंगाची वेळ झाली, की तू स्वयंपाकघराच्या फरशीवर पालथी पडायचीस, गाल जमिनीला, डोळे मिटलेले. मधेच 'आला!' म्हणून ओरडायचीस, आणि आम्ही म्हणायचो कुठे काय आलं, तोवर खिडक्या थरथरून धडाम आवाज यायचा. दर वेळी तू आधी, आवाज नंतर. मला वाटायचं पोरीला काहीतरी बाधलंय. तुझ्या बापाला मी घाबरत घाबरत सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, तिला जमिनीतून ऐकू येतं आई, हवेतून यायला वेळ लागतो. पुढे तू कॉलेजात तेच शिकून आलीस आणि मला समजावायला बसलीस, की जमिनीतून हादरा जास्त वेगाने धावतो. म्हटलं, हे शिकायला एवढी फी भरली? हे तर तुला फरशीवरच येत होतं.

मग ती यंत्रं आली. खुंट्यांसारखी, वायरीने एकमेकींना बांधलेली. तू ती मागच्या अंगणात ओळीने टोचत गेलीस आणि आम्हाला बजावलंस, हे जमिनीचे कान आहेत, इथे कोणी फिरकायचं नाही. तुझ्या बापाचे सुरुंग आता नुसते दगड फोडत नव्हते, तुझ्या कागदावर रेघा काढत होते. सुरुंगाचा हादरा जमिनीत उतरायचा, कुठे कठीण खडक लागला की जोरात पळायचा, कुठे पोकळ, भेगाळलेला लागला की रेंगाळायचा, आणि त्या पळण्या-रेंगाळण्यावरून तू खाली काय दडलंय ते सांगायचीस. पण त्यासाठी सुरुंग नेमका केव्हा उडाला ते तुला कळायला हवं. म्हणून तुमचा तो फोन. तुझा बाप खाणीतून लावायचा आणि विचारायचा, 'तयार?' तू म्हणायचीस, 'तयार.' पुढे फोन तसाच चालू, तुझ्या कानात तीन शिट्ट्या, आणि मग धडाम. संपलं बोलणं. वर्षानुवर्षं बापलेकीचं एवढंच संभाषण. तुझी आई म्हणायची, अरे जेवलीस का, झोपलीस का, काही विचाराल की नाही? पण ज्या दिवशी तो फोन असायचा, त्या दिवशी तुझा बाप घरातून शीळ घालत निघायचा, ते तिने कधी तुला सांगितलं नसेल. मी सांगते.

ती रेघांची गंमत आठवली की मला अजून हसू येतं. सुरुंगांच्या मधे, रोज सकाळी, तुझ्या कागदावर बारीक ठोके उमटायचे. एक जड, एक हलका, एक जड, एक हलका. लांब जायचे आणि परत यायचे. तू ते तुझ्या सरांकडे घेऊन गेलीस. ते विद्वान गृहस्थ चष्मा वर-खाली करत दुपारभर बसले. जमिनीखाली पाणी वाहतंय का? भेग रुंदावतेय का? कुठे पंप चालू आहे का? सुट्टीत तू घरी आलीस, अंगणात तो कागद मांडीवर पसरून बसलीस, आणि मी बादलीभर धुणं घेऊन दोरीकडे निघाले, हा पाय ओढत. तू कागदाकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, परत कागदाकडे, आणि गवतावर आडवी होऊन हसत सुटलीस. यंत्रांजवळ फिरकायची बंदी होती, मान्य आहे, पण धुणं काय त्या खुंट्यांवर वाळत घालायचं होतं? तो कागद तू चौकटीत बसवून तुझ्या खोलीत लावलास. आलेल्या-गेलेल्याला सांगतेस, ही माझ्या आजीची सही. मी आयुष्यभर अंगठा टेकवत आले गं, आणि माझी सही कुठे असेल तर ती जमिनीने केलेली आहे. शेजारणीला हे मी वारंवार सांगते. तिला सही येते, पण भिंतीवर लावण्यासारखी नाही.

पुढे तू मोठी झालीस. मोठी संस्था, मोठी यंत्रं, हा डोंगर, तो किनारा. परदेशात व्याख्यानाला गेलीस तेव्हा मी विचारलं, तिकडचे दगड निराळे असतात का? तू म्हणालीस, दगड तेच असतात आजी, माणसं निराळी असतात. मग त्या टेकडीवरच्या कातळाचं झालं. तुझी लाडकी जागा ती. फार जुन्या काळी तिथे उथळ समुद्र होता, आणि त्याच्या लाटांच्या सुरकुत्या दगडात तशाच राहिल्या होत्या. विद्यार्थ्यांना दाखवायला घेऊन गेलीस, तर वर सिमेंट ओतून गाड्या लावायची जागा केलेली. तू मला फोन केलास. रडली नाहीस, चिडलीस. तुझं चिडणं मला आवडतं, ते कामाला येतं. त्या दिवसापासून तू दगडांची वकिली सुरू केलीस. कचेऱ्यांचे जिने चढलीस, साहेबांच्या दारात बसून राहिलीस. एक साहेब तुला म्हणाला होता ना, अहो बाई, दगड आहे तो, कुठे पळून जातोय? आणि तू म्हणालीस, पळून जाता येत असतं तर मी आलेच नसते. हे मी ज्याला त्याला ऐकवलंय. माझंच वाक्य असल्यासारखं ऐकवते, तुझी हरकत नसावी.

आता अवघड जागा आली, गारगोटी. लिहिणाऱ्याचं पेन संथ झालंय, पण मी थांबायची नाही.

आपल्या खाणीची मागची भिंत. तापलेला लाव्हा हळूहळू निवत गेला, आकसला, आणि सहा-सहा कडांच्या खांबांमध्ये तडकत गेला, असं तू सांगतेस. खालून एकत्र निघालेले आणि वर पसरत गेलेले ते खांब. तुझ्या अहवालात त्याला काहीतरी भारी नाव असेल, मला तो उलटा धरलेला खराटा दिसतो. तुझ्या बापाने सुरुंग लावून लावून पुढचा दगड काढला, तेव्हा कुठे तो उजेडात आला. त्याच सुरुंगांच्या रेघांवरून तुला कळलं, की हा खराटा भिंतीच्या आतही खोलवर गेलाय, असा दुसरा जवळपास कुठे नाही. आणि मालकाने तर तीच भिंत पुढच्या हंगामात फोडायला काढली होती. ती फोडू नये म्हणून तू सरकारला अहवाल दिलास. योग्य केलंस. नसता दिलास तर तो खराटा आज खडी होऊन कुठल्यातरी रस्त्याखाली गेला असता. मी तिथे काठी टेकत जाऊन आलेय, मान वर करून बघितलंय, आणि या वयात माझी मान सहसा कशासाठी वर होत नाही. तेव्हा त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही, आणि जो कोणी हे लिहितोय त्यानेही हे वाक्य नीट, ठळक लिहावं. योग्य केलंस.

पण बंदीचा हुकूम कसा आला? सकाळी फाटकावर कागद चिकटलेला. सगळे कामगार जमलेले. मुकादमाने मोठ्याने वाचला, आणि अहवाल कोणाचा तेही वाचलं. सगळ्यांच्या माना तुझ्या बापाकडे वळल्या. त्याची त्या दिवसाची भोकं पाडून तयार होती. त्याने रोवलेली लाल निशाणं एकेक उपटून गोळा केली आणि चालत घरी आला. बाकीचे नदीपलीकडच्या खाणीत लागले, तो तसाही निवृत्तीला टेकला होता, तेव्हा दुःख पोटाचं नव्हतं. घरी येऊन त्याने शिट्टी खिशातून काढली, खिळ्यांच्या डब्यात टाकली, आणि एकच बोलला. मी जन्मात शिट्टीशिवाय सुरुंग उडवला नाही, म्हणाला, माझ्या पोरीने उडवला.

इथे मी त्याच्या बाजूची आहे. हुकूम निघेपर्यंत बोलायची मनाई होती, असं तू नंतर सांगितलंस. असेल. कागदांची कामं तुम्ही शिकलेली माणसं जाणता. पण फोन उचलून 'तयार?' एवढं विचारायला कोणाची मनाई होती? अक्षरही जास्त बोलायला नको होतं. त्याने ओळखलं असतं. निशाणं रोवली असती, बाजूला होऊन उभा राहिला असता, आणि कागद वाचला जात असताना त्याची मान ताठ असती. हे तुला आता पुरतं कळलंय, ते मला तुझ्या चिठ्ठीवरून दिसलं. तीन शिट्ट्या मागितल्यास तू त्याच्याकडे. माफी मागायची हीच रीत होती, आणि ती तुला आपसूक सुचली. तोंडाने मागितली असतीस तर त्याने नळ दुरुस्त केला असता.

आणि तरीही उत्तर नाही. तर मी ते आता सरळच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको.

लिहिणारा पाणी प्यायला उठला होता. आला परत. बराच तहानलेला दिसला.

हं, तर आता अशी एक गोष्ट, जी तुझा बाप तुला कधीच सांगणार नाही. भिंतीवर जो पहारेकरी ठेवलाय, तो पूर्वी खडीच्या यंत्रावर होता, तोंडाचा मोकळा आहे. तो मला सांगून गेला. तुझा बाप रोज सकाळी फिरायला म्हणून निघतो ना, तो तिथे जातो. लोकांनी टाकलेले कागद, बाटल्या गोळा करतो. परवा एक जोडपं खिळ्याने खांबावर आपली नावं कोरायला लागलं होतं. याने जाऊन खिळा काढून घेतला. ओरडला नाही. त्यांना समोर बसवलं आणि लाव्हा कसा निवतो, कसा आकसतो, सहा कडा कशा पडतात, ते सगळं समजावलं. अगदी तुझ्या शब्दांत. म्हणजे तुझा अहवाल याने मन लावून वाचलाय, कधी आणि कुठे बसून ते त्यालाच ठाऊक. ती दोघं कंटाळली असतील बहुधा. उठताना मुलगी म्हणाली, निसर्गाने काय चमत्कार केलाय! तर हा म्हणतो, निसर्गाने केला, मान्य आहे, पण उघडला कोणी? पहारेकरी पोट धरून हसला. मी हसले नाही. मला एवढंच वाटलं, गरम असताना एकजीव असतं, निवायला लागलं की भेगा पडतात, आणि लोक लांबून येऊन त्या भेगाच बघत बसतात. दगडाचं म्हणतेय हं मी.

आता पत्र कशाला, ते सांगते. रविवारी फोन असतोच, आणि बोलायला मला तोंड आहे, ते तुझा आजोबा जन्मभर सांगत राहिला. मला पत्र नको होतं गारगोटी, मला हात हवा होता. तुझ्या बापाचा. म्हणून सुनेचा चष्मा सकाळपासून माझ्या उशीखाली आहे. पत्र संपलं की देईन, आणि दोन शिव्या खाईन. 'प्रिय' या शब्दाच्या आधी शाईचा मोठा ठिपका पडलाय बघ. मला अक्षर वाचता येत नाही, ठिपका वाचता येतो. इतका वेळ पेन टेकवून बसला होता तो. नंतर मात्र लिहीत गेला, स्वतःवरचं ऐकत, तुझ्यावरचं ऐकत, मान वर न करता, आणि हेही लिहितोय. मघाशी, पाण्याच्या आधी, मी त्याला एक वाक्य सांगितलं होतं. येण्या-न येण्याचं, आणि पक्क्या नकाराचं. त्याच्याच मौनावरून बेतलेलं. पान वाचून दाखवताना त्या जागी तो खोकला आणि पुढे गेला. वाचताना गाळलं की लिहितानाच गाळलं, ते मला कळायला मार्ग नाही. तू शोध. कागदावर ते असेल तर गप्प राहा. नसेल, तर फाटकाजवळ सावलीत माझ्यासाठी एक खुर्ची ठेव, आणि मला हात धरून कोण आणतंय ते विचारत बसू नकोस. सगळे गोळा झाले की त्याच्याकडे बघून एवढंच म्हण, 'तयार?' आणि हो, उद्घाटनासाठी नवी शिट्टी घेऊ नकोस. खिळ्यांचा डबा तुझ्या आईने काल उघडला तर त्यात नुसते खिळे होते. आत्ता हे लिहिताना दर ओळीला हात सरकतोय, आणि त्याच्या खिशात मणी खुळखुळतोय. मी अडाणी आहे, बहिरी नाही.

तुझीच,
भिंतीवर सही असलेली
आजी